पापी हुडकणारी आग

१९८४ सालचा तो मंगळवार. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या शिवदासशेठच्या वर्कशॉपात शेजारच्या गाळ्यांतली माणसंही घुसली होती. फरशीवर पेटती समई, तिच्यामागे भास्करबाबा. दर मंगळवारी ते यंत्रांची पूजा करत, हा तिसरा मंगळवार.

"आई, पापी दाखीव!" बाबा बेंबीच्या देठापासून ओरडले. आणि खरंच की! समईपासून निळी ज्वाळा फरशीवरून सरपटत निघाली आणि थेट नलिनीच्या ट्रेमध्ये भडकली. दशरथ फिटरनं पत्रा टाकून ती विझवली. बाकीचे बाबांच्या पाया पडले.

नलिनी त्या ट्रेमधल्या पेट्रोलात यंत्रांचे सुटे भाग धुवायची. पहिल्या मंगळवारी ती बाबांच्या पाया पडली नव्हती. तेव्हापासून आग तिच्याच ट्रेकडे धावे.

"बाईनं यंत्र बाटवलं! हिला काढा!" बाबांनी निकाल दिला. शेठनं मान डोलावली.

घरात कमावती नलिनी एकटीच. पण तिचं डोकं चालू लागलं. पूजेआधी तासभर ट्रे उघडा ठेवा, असं बाबाच का बजावतात? आणि उभं असताना वास बेताचा, उकिडवं बसलं की नाकात झोंबतो, तो का?

"शेठ, काढायचं तर काढा. आधी अंगणात चला."

तिनं पत्र्याची पन्हळ तिरकी टेकवली. खालच्या टोकाला पेटती मेणबत्ती, वरच्या टोकाला पेट्रोलात भिजवलेली चिंधी, शेजारी वाळूची बादली.

"बाबा, तुम्ही पुण्यवान. चिंधीजवळ बसा."

बाबा चार पावलं मागे सरकले. "आज आमचं मौन आहे."

"आत्ता तर बोंबलत होतात!" दशरथ म्हणाला.

मंत्र नाही, तंत्र नाही. क्षणभरानं ज्वाळा पन्हळीतून सर्रकन वर चढली आणि चिंधी भडकली. नलिनीनं वाळू ओतली.

"पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. दिसत नाही, जमिनीलगत पसरते. दिव्यापाशी पोचली की पेटते आणि आग उलटी ट्रेपर्यंत येते. बाबांना हे ठाऊक होतं, म्हणून तर मागे सरले!"

बाबा एव्हाना चपला हातात घेऊन फाटकाबाहेर पळाले होते.

"बरं, उद्या वेळेवर ये," शेठ पुटपुटले.

"आधी सगळ्यांसमोर माफी मागा. आणि पेट्रोल घट्ट झाकणाच्या डब्यात, बाहेर सावलीत ठेवा. आत लागेल तेवढंच. दिवा, विडी, वेल्डिंग लांब."

शेठनं माफी मागितली.

मंडळी, चमत्कार दिसला की 'कसा?' विचारायला लाजू नका. तीन मंगळवार कुणीच विचारलं नाही, आणि अख्खं वर्कशॉप माणसांसकट जळायचं तेवढं राहिलं होतं.