पहिल्याच दारात

तिचं हिरवं चमकणारं प्रथिन पाचव्यांदाही पेशीच्या केंद्रकात गेलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या मधला केंद्रकाचा गोल काळाकुट्ट होता आणि त्याच्याभोवती नुसता हिरव्या जाळीचा पसारा. तिने कपाळाला हात लावला.

"प्रथिनाच्या शेपटाला केंद्रकात पोचवणारा पत्ता जोडलायस ना?" प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञकाकांनी विचारलं.

"जोडलाय हो! किती वेळा तपासू?"

वडील वारले त्याच्या आदल्या आठवड्यात फोनवर ती अशीच करवादली होती. ते हसून म्हणाले होते, "अगं, सरकारी कचेरीत कामाला गेलो की मला बसवून ठेवतात तसं त्यालाही पहिल्याच दारात कोणी धरून ठेवत असेल."

"बाबा, तुम्हाला यातलं काय कळतंय!" म्हणत तिने फोन ठेवला होता.

आता तिने शेपूट सोडून प्रथिनाचा आराखडा सुरुवातीपासून वाचला. डोक्याला आंतर्द्रव्यजालिकेचा, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या त्या जाळीचा, जुना पत्ता तसाच राहिला होता. प्रथिन पुरतं तयार होण्याआधीच त्या जाळीत ओढलं जात होतं. शेपटाचा पत्ता कामी यायची वेळच येत नव्हती.

"सापडलं का काही?" काकांनी विचारलं.

"बाबांनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "मीच त्यांच्यावर खेकसले."