मिस ओडीलच्या शेगडीवरचा टोप

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा टोप आहे. रिकामा असलो तरी मला उचलताना माणसाच्या तोंडून 'अरे देवा' निघतंच. न्यू ऑर्लिन्समधल्या एका निळ्या लाकडी घरात, मिस ओडील फोंतनेंच्या शेगडीवर माझं सगळं आयुष्य गेलं, आणि त्याचा मला भारी अभिमान आहे.

टेनेसीतल्या एका कारखान्यात वाळूच्या साच्यात मला ओतलं. तेव्हा मी राखाडी आणि खरखरीत होतो, काही म्हणता काही दिसायला बरा नव्हतो. ओडीलच्या आईनं मला विकत घेतलं, तेल चोळलं, तापवलं, पुन्हा तेल चोळलं. सोमवारी राजमा-भात, शुक्रवारी मासे, सणावाराला गंबो, म्हणजे भाजलेल्या पिठात शिजवलेला खेकडे-सॉसेजचा दाट रस्सा. होता होता माझ्या पोटाला तुकतुकीत काळं कवच चढलं. साबण माझ्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. गरम पाणी, फडकं आणि तेलाचं बोट, बस्स.

माझा मोठा दिवस म्हणजे मोहल्ल्याच्या मंडळाच्या मिरवणुकीचा रविवार. पुढे बँड, मागे रुमाल फडकवत, छत्र्या नाचवत सगळी वस्ती. ही मिरवणूक ठरलेल्या दारांशीच थांबते, आणि चाळीस वर्षं ती आमच्या दाराशी थांबत आली, कारण बँडवाल्यांना गंबो माझ्यातला लागे. त्या दिवशी मिस ओडील राणीसारख्या पायरीवर बसत.

गेल्या वर्षी मिरवणुकीला दोन आठवडे उरले असताना त्या अंगणात घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. मंडळाचा प्रमुख अल्सीद ओनोरे टोपी हातात घेऊन आला.

"मिस ओडील, यंदा मिरवणुकीचा थांबा पलीकडच्या गल्लीत नेतो. तुम्ही आराम करा."

"एकदा दार चुकलं की मिरवणूक परत येत नाही, अल्सीद. मी काय काल जन्मले?"

"अहो, पण ढवळणार कोण?"

"मी ढवळते!" दारातून आवाज आला.

ही सोल्वेग. आमच्या घरात मधोमध भिंत घालून दोन बिऱ्हाडं केली आहेत, पलीकडच्या बिऱ्हाडात ती सहा महिन्यांपूर्वी राहायला आली होती. पार वरच्या मिनेसोटातली, बर्फातली. खिशात एक वही. काय खायचं, कुठला बँड ऐकायचा, याची यादी. खाल्लं-ऐकलं की बरोबरची खूण. मिस ओडील तिला म्हणत, "अगं बाळ, हे शहर आहे, परीक्षेचा पेपर नव्हे." ती हसायची, पण दर रविवारी कुठल्या ना कुठल्या मंडळाच्या मिरवणुकीच्या कडेला पदपथावरच उभी राहायची. आत शिरायला तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि इथे कुणी बोलावत नसतं, आपणच शिरायचं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

अल्सीदनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं. पण चव बिघडली, तर पुढल्या वर्षीपासून पलीकडची गल्ली."

सराव करायला म्हणून ती मला उचलून तिच्याकडे घेऊन गेली. आणि मित्रांनो, पोरीच्या मनात चांगलंच होतं हो! मिस ओडीलना खूश करावं म्हणून तिनं तारेची घासणी घेतली, साबणाचा फेस केला आणि दोन तास मला घासलं. माझं सत्तर वर्षांचं कवच मोरीतून वाहून गेलं. मी पुन्हा राखाडी, खरखरीत. शरमेनं मी अर्धमेला झालो.

"बघा, नव्यासारखा झाला!" म्हणत तिनं मला मिस ओडीलच्या पुढ्यात ठेवलं.

डाव्या हातानं त्यांनी माझं पोट चाचपलं. मग हळूच म्हणाल्या, "माझी आई होती गं त्यात."

सोल्वेगच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "मी... मला वाटलं तो मळ आहे. मी जाते. तुम्ही दुसरं कुणी बघा."

"जातेस कुठे? पसारा घालायचा आणि पळायचं? तेलाची बाटली घे!"

तो आठवडा मी विसरणार नाही. रोज सकाळ-संध्याकाळ तेल, आच, पुन्हा तेल. सोल्वेगनं माझ्यात मासे तळले, कोंबडी तळली, भेंडी तळली. सगळी गल्ली खाऊन खाऊन सुस्त झाली. मंगळवारी गंबोसाठी पीठ तेलात भाजायला घेतलं, तोच बाहेर बँडचा सराव सुरू झाला. ती मिनिटभर खिडकीशी गेली आणि पीठ करपलं. "फेक ते," मिस ओडील म्हणाल्या. "पीठ भाजताना घराला आग लागली, तर टोप घेऊन बाहेर पडायचं आणि ढवळत राहायचं."

रविवारी सकाळी पीठ लालसर झालं आणि कोपऱ्यावर बँडचा मोठा भोंगा, ट्यूबा, घुमू लागला. मिस ओडील मुद्दाम म्हणाल्या, "जा की, ऐकून ये."

"आत्ता नाही," सोल्वेग म्हणाली. तिचे पाय ठेका धरत होते, हात मात्र थांबला नाही. पीठ चॉकलेटी झालं, मग कांदा पडला, भेंडी, सॉसेज, खेकडे. टोमॅटो मात्र मिस ओडीलनी घालू दिला नाही. माझं नवं कवच कोवळं होतं, आंबटानं ते सुटलं असतं. चाळीस वर्षांची चव त्यांनी माझ्यासाठी मोडली.

दुपारी मिरवणूक आली. अल्सीदनं पहिली वाटी घेतली.

"यात टोमॅटो नाही," तो म्हणाला.

"नाही," मिस ओडील म्हणाल्या.

त्यानं वाटी चाटूनपुसून पुढे केली. "अजून वाढ." मग सोल्वेगकडे वळून, "कुठली गं तू, पोरी?"

ती 'मिनेसोटा' म्हणणार, एवढ्यात मिस ओडील पायरीवरून गरजल्या, "भिंतीपलीकडची आहे ती! आमच्या घरची!"

अल्सीद हसला. "मग पुढच्या वर्षीही इथंच थांबू." त्यानं शिट्टी फुंकली, बँड सुरू झाला, आणि सोल्वेग ओल्या हातांनिशी, अंगावर पीठ तसंच ठेवून, नाचणाऱ्या घोळक्यात शिरली. कुणी तिला बोलावलं नव्हतं.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. जुन्या भांड्याला हात लावण्याआधी त्याच्या धनिणीला विचारा. कुणा नवख्याच्या हातून त्याचं नुकसान झालंच, तर त्याला घालवून देऊ नका. त्यालाच तेलाची बाटली आणायला सांगा. माझ्या पोटाला आता पुन्हा काळा रंग धरू लागलाय, आणि त्यात थोडी सोल्वेगही आहे.