चिर्र

"रोज कोणीतरी माझा चिर्र कमी करतंय," दादा पुटपुटला. मी त्याच्या पाठीमागे जमिनीवर बसून वायरींचा गुंता सोडवत होते, म्हणून ऐकू आलं. कोणीतरी म्हणजे माझा नवरा. त्यांच्या संगीताच्या खोलीत माझ्याशिवाय तिसरं येतंय कोण?

माझा भाऊ आणि माझा नवरा, दोघांनी मिळून पंचवीस वर्षांपूर्वी गोवा ट्रान्सचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत रात्रभर वाजणाऱ्या नाचाच्या संगीताचा, एक ट्रॅक केला. नऊ मिनिटांचा. त्यावर नाचलेल्यांचे गुडघे आता बदलून झालेत, तरी तो लागला की ते उठतात. नंतर या दोघांनी जे जे केलं त्याला लोक 'छान' म्हणाले. आमच्या घरात 'छान' हा शब्द शिवीसारखा वापरतात.

आता रेकॉर्ड कंपनीने नवा ट्रॅक मागितला होता, शनिवारी दुपारपर्यंत. जुन्याच्या तोडीचा नसेल तर जुनाच पुन्हा काढू, असंही गोड शब्दांत कळवलं होतं. तेव्हापासून नवऱ्याला जेवण गोड लागत नव्हतं.

चिर्र म्हणजे तालावर वाजणारा झांजेसारखा बारीक आवाज. ट्रॅक पळतो तो त्याच्या जोरावर, असं दादाचं मत. सकाळी आला की तो चिर्रचा फेडर, म्हणजे मिक्सरवरचं सरकतं बटण, जरासं वर करी. दुपारी त्याचा डोळा लागला की नवरा तेच बटण आणखी जरासं वर करी. तक्रार दोघांची एकच, की समोरचा ते खाली करतो. मी दोघांनाही बघत होते. खाली कोणीच करत नव्हतं.

शेजारच्या मांजराने आमच्या खिडकीत बसणं सोडलं. मी कानात कापूस घालून चहा न्यायचे आणि कोणी विचारलं तर सर्दी सांगायचे. खरं बोलायला तोंड उघडायचं आणि नवऱ्याचा चेहरा बघून मिटायचं, असे तीन आठवडे गेले.

शनिवारी शेवटचं ऐकणं. दोघे डोळे मिटून बसले. दोन मिनिटांत माझे दात शिवशिवायला लागले. सहन होईना, तेव्हा हात लांबवून मी फेडर खाली ओढला. घाईत अंमळ जास्तच, पार तळाला. आता बोलणी बसणार म्हणून अंग चोरून थांबले.

नवरा मान डोलावत होता. म्हणाला, "आलं, दादा. अगदी तेव्हासारखं."

दादाच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. "चिर्र ऐकलात, जावईबापू? सुईसारखा."

नवऱ्याने ट्रॅक पाठवायला माऊस धरला. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. दादाने माझ्याकडे पाहिलं, मग मिक्सरकडे. फेडर तळाला होता. त्याने तो सावकाश वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. माझे हात आपोआप कानांवर गेले. तो त्या हातांकडे बघत राहिला.

"जावईबापू," तो म्हणाला, "माऊस सोडा. आपल्या दोघांनाही हे ऐकूच येत नाही."