अकरा चौदाची बस

भिंगरीच्या आईने आजवर एकच खोटं नीट ठरवून सांगितलं होतं, आणि तेही एका बुटापायी उघडं पडलं.

भिंगरी तिसरीत. एका जागी बसणं ठाऊक नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. तिच्या शाळेत मागे गाण्यांचा कार्यक्रम झाला, सकाळी अकराला. शाळेचे सगळेच कार्यक्रम सकाळी अकराला असतात. त्या वेळी आईबापांना काही काम नसतं, अशी शाळेची प्रामाणिक समजूत असावी. भिंगरीची आई बस चालवते आणि वडील दातांच्या कवळ्या बनवतात. 'एकदा तू, एकदा मी' असं दोघांचं ठरलेलं होतं; पण आईची पाळी आली, की आगारातला कोणीतरी ड्रायव्हर हमखास आजारी पडायचा. तसा तो तेव्हाही पडला. वडील गेले, त्यांनी मोबाइलवर चित्रण करून आणलं, आणि ते पाहून आईने संध्याकाळी ठोकून दिलं, "मी होते की! मागे दाराशी उभी होते."

"मग माझा बूट कुठे उडाला ते सांग," भिंगरी म्हणाली.

चित्रणात नुसते चेहरे होते. बूट नव्हता. आईने वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी पंख्याकडे पाहिलं.

पोर रडली असती तर बरं झालं असतं. ती पुढचे दोन दिवस आईशी अगदी सभ्यपणे बोलली. "पाणी देतेस का, प्लीज?" असं. आईला ते फार लागलं.

आणि आता पुन्हा चिठ्ठी आली. मंगळवारी मैदानात दोरीवरच्या उड्या. एकेकाला एक मिनिट. भिंगरीचा नंबर अकरा वाजून दहा मिनिटांनी.

"बाबांनी यायचं नाही," भिंगरीने जाहीर केलं. "चित्रण नाही. शेवटी मी एक गंमत करणार आहे. ती कोणती, ते आईने मला संध्याकाळी सांगायचं."

"आणि नाही सांगता आलं तर?" वडिलांनी विचारलं.

"तर पुढच्या वेळी मी चिठ्ठी घरी आणणारच नाही."

एवढं बोलून ती दात घासायला गेली. आई मात्र तिथेच बसून राहिली. पोरीने बोलावणंच बंद केलं, तर मग राहिलं काय?

दुसऱ्या दिवशी ती रजा मागायला गेली. आगाराचे साहेब म्हणाले, "दोघं तापाने झोपलेत, एकाची पाठ धरलीय. तुम्हालाही सोडतो, आणि गाडी मी स्वतः चालवतो. फक्त मला चालवता येत नाही."

म्हणजे झालं. रजेचा मार्ग बंद. पण जिन्यावरून उतरता उतरता तिच्या डोक्यात उजेड पडला. तिची बस शाळेवरूनच तर जाते! शाळेचा थांबा हा वेळेचा थांबा होता. बस तिथे लवकर पोचली, तरी ठरलेल्या वेळेआधी तिने हलायचं नाही, असा नियम. सुटायची वेळ अकरा चौदा. शाळेची भिंत चांगली पुरुषभर उंच. रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही. पण ड्रायव्हरच्या जागेवरून अख्खं मैदान दिसतं. अकरा आठला पोचलं, तर हक्काची सहा मिनिटं मिळतील. घोडं अडत होतं ते एवढ्यावरच, की आजवर तिची बस तिथे अकरा तेराच्या आत कधी पोचली नव्हती.

"दामटा की थोडी," कंडक्टरकाका म्हणाले. मंगळवारी सकाळी चहा पिताना तिने त्यांना सगळं सांगितलं होतं.

"नाही हं, काका. माणसं बसलेली असतात मागे. वेग एक किलोमीटरनेही वाढवणार नाही."

"बरं, बरं. माझ्यावर सोडा."

काकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिला ठाऊक असायला हवं होतं. पहिल्याच थांब्यानंतर काका बसच्या मधोमध उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, आपल्या ताईंची लेक अकरा दहाला उड्या मारणार आहे. गाडी वेगात जाणार नाही. तेव्हा जे काही करायचं, ते आपणच करायचं. सुटे पैसे हातात ठेवा. उतरणाऱ्यांनी आधीच दाराशी या. चढणाऱ्यांनी निरोपानिरोपी घरीच उरकून यायचं."

ताईंचे कान लाल झाले. आरशात पाहायचा तिला धीर होईना.

पण मग गंमतच सुरू झाली. थांबा आला, की चार जण आधीच दाराशी तयार. उतरले, की खालच्यांना सांगत, "चढा पटकन, उड्या आहेत!" कसल्या उड्या, हे न कळताही माणसं भराभर चढत होती. गुंडाळलेली सतरंजी घेऊन एक गृहस्थ चढायला लागले. कॉलेजच्या दोघी पोरींनी सतरंजी पुढून ओढली, काकांनी गृहस्थांना मागून ढकललं.

सगळ्यांत मोठी धास्ती होती विणकामवाल्या मावशींची. पिशवीत लोकर, पिशवीबाहेर सुया, आणि चढाउतरायला एवढा वेळ, की काका त्यांना रोज म्हणत, "मावशी, लवकर, नाहीतर स्वेटर बसमध्येच पुरा होईल." आज बस थांबायच्या आत मावशींनी दांडी धरली आणि तीन पायऱ्या हरणासारख्या चढल्या.

"मावशी!" काका थक्क झाले. "मग रोज काय होतं तुम्हाला?"

"रोज कोण उड्या मारतंय?" मावशी धापा टाकत म्हणाल्या.

समोरून दुसरी बस आली. भिंगरीच्या आईने स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली. समोरच्या ड्रायव्हरनेही उचलली. ड्रायव्हरांची ही रीतच असते. रस्त्यात थांबून बोलता येत नाही, तर 'पाहिलं बरं का तुला' एवढं दोन बोटांनी सांगायचं.

अकरा वाजून आठ मिनिटांनी बस शाळेच्या थांब्यावर उभी राहिली. मागे टाळ्या झाल्या. तिचा जीव भांड्यात पडला. भिंतीपलीकडे मैदान उन्हात झळझळत होतं, मुलं रांगेत उभी होती, आणि तिसरी भिंगरी होती, दोरी गळ्यात टाकून. फक्त उड्या कोणी मारत नव्हतं. मुख्याध्यापकबाई भाषण करत होत्या.

अकरा दहा झाले. बाई व्यायामाचे फायदे सांगत होत्या. अकरा बारा झाले. बाई आहारावर आल्या.

"अहो, पुरे करा की!" सतरंजीवाले खिडकीतून ओरडले.

अकरा तेराला भाषण संपलं आणि पहिल्या मुलाने दोरी फिरवली. भिंगरीच्या आधी अजून एक मूल बाकी होतं. काका घड्याळाकडे पाहत होते, पण त्यांचा हात घंटीच्या दोरीकडे जाईना. घड्याळात चौदा झाले.

"काका," ती समोर बघतच म्हणाली, "घंटी द्या. वेळ झाली."

"ताई, अजून दोनच मिनिटं..."

"पुढच्या थांब्यांवर माणसं उभी आहेत, काका. त्यांच्याही घरी कोणी वाट बघत असेल."

काकांनी तोंड कडू केलं आणि दोरी ओढली. तिने गिअर टाकला.

"थांबा, थांबा! मला उतरायचंय!"

मावशी उठल्या होत्या. माणूस उतरत असताना गाडी हलवायची नाही, हा तर सगळ्या नियमांचा बाप. मावशींनी आधी पिशवी घेतली. मग चष्मा शोधला. तो डोळ्यांवर होता. मग लोकरीचा गुंडा सीटखाली गेला, तो दोघांनी मिळून काढला. मग त्या दाराशी आल्या आणि पहिल्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला, जणू खाली तलाव होता.

"मावशी, तुमचा थांबा तर बाजाराचा ना?" एका पोरीने विचारलं.

"गप गं! माझे गुडघे काय तुझ्यासारखे आहेत?"

मैदानात भिंगरी पुढे आली. तिने दोरी गळ्यातून काढली आणि सुरुवात केली. दहापर्यंत आई एकटी मनात मोजत होती. अकराव्या उडीपासून काका मोजायला लागले, विसावीपासून सगळी बस. तीस! एकतीस! बत्तीस! पोर खाली न बघता, मान ताठ ठेवून उडत होती. चाळिसाला दोरी जराशी अडखळली, बसने श्वास रोखला, आणि दोरी पुन्हा फिरू लागली.

"कितीवर आली? अरे, मला इथून दिसत नाही!" मावशी दुसऱ्या पायरीवरून ओरडल्या.

"एकोणसाठ! साठ!"

चौसष्टाला शिट्टी झाली. भिंगरी थांबली. तिने दोरी खांद्यावर टाकली आणि भिंतीकडे वळली. भिंतीच्या वर बसचं कपाळ आणि काचेमागे आईचा चेहरा होता. क्षणभर पोरीचं तोंड उघडंच राहिलं. मग तिने दोन्ही हात समोर धरले, जसं मोठं स्टिअरिंग धरावं, आणि उजव्या हाताची दोन बोटं उचलली.

तिच्या आईनेही उचलली. समोरचं सगळं तिला एकदम धूसर दिसू लागलं, म्हणून तिने बाहीने डोळे पुसले. डोळ्यांत पाणी घेऊन गाडी चालवता येत नाही.

"अगं बाई, हा बाजार नव्हेच!" मावशी म्हणाल्या आणि दोन्ही पायऱ्या तडातडा वर आल्या. "द्या घंटी, बघताय काय?"

त्या दिवशीच्या नोंदवहीत भिंगरीच्या आईने लिहिलं, 'शाळा थांबा: तीन मिनिटं उशीर. कारण: वृद्ध प्रवाशास उतरण्यास वेळ.' लिहून तिने दोनदा वाचलं. खोटं तर त्यात काही नव्हतं. आणि त्या खेपेला शेवटच्या थांब्यापर्यंत दाराशी आधीच येऊन उभी राहणारी माणसं कमी झाली नाहीत, म्हणून ती तीन मिनिटं वाटेतच भरून निघाली, हेही खालच्या ओळीत लिहिलं.

संध्याकाळी दार उघडायला भिंगरीच आली. हाताची घडी घालून उंबऱ्यात उभी.

"सांग."

आईने डब्याची पिशवी खाली ठेवली. दोन्ही हात समोर धरले आणि दोन बोटं उचलली.

भिंगरीने तिच्या कमरेला अशी मिठी मारली, की दोघी दारावर आपटल्या.

"मला काय माहीत तू खरंच येशील! भिंतीपलीकडून तुझी बस जाते, म्हणून मी नुसत्या भिंतीलाच करणार होते. आणि उड्या किती?"

"चौसष्ट."

"बाईंनी त्रेसष्ट लिहिल्यात."

"मग बाईंना जाऊन सांग," आई बूट काढत म्हणाली, "छत्तीस माणसांनी मोजल्यात. आणि सदतिसाव्या मावशी पायरीवर होत्या, त्यांना ऐकून तोंडपाठ आहे."

"आणि माझं काय?" वडील आतून म्हणाले. "मला कोणी सांगणार आहे का, शेवटी काय केलं ते?"

"तुम्ही चित्रण बघा," भिंगरी म्हणाली, आणि मायलेकी खिदळत सुटल्या.