आधी कोणी जेवायचं

पुष्पावती भाजणीच्या ड्रमपासून दोन पावलं मागं सरली आणि मटकन खाली बसली. हातातलं सूप कलंडलं, ज्वारी फरशीभर पसरली.

"ड्रम बंद करा!" कर्नल फिलिप साळवे ओरडले. सव्वीस वर्षं रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये काढलेल्या माणसाचा तो आवाज. पत्र्याची शेड दणाणली.

मुबारकबीनं पुष्पावतीचं डोकं मांडीवर घेऊन तोंडावर पाणी मारलं. "काय न्हाई झालं, साहेब. पोटात काय न्हाई तिच्या, म्हनून चक्कर आली."

"पोटात का नाही? एक वाजता जेवणाची सुट्टी दिली होती मी."

भिंतीकडेला बारा बायकांचे बारा डबे ओळीनं ठेवलेले होते. एकाचंही झाकण निघालेलं नव्हतं.

आज बुधवार. काम सोमवारी सुरू झालेलं. साळव्यांचे वडील कर्जत तालुक्यातल्या याच गावात मिशनच्या शाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर बरोबरीच्या अधिकाऱ्यांनी पुण्यात फ्लॅट घेतले. साळव्यांनी गावात येऊन ज्वारीच्या लाह्या आणि रवा करायचा कारखाना काढला. यंत्रं बाहेरून आली. पण कुठल्या ज्वारीला किती पाणी मारायचं, ती किती भाजायची, हे यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात नव्हतं. ते रंगुबाईला ठाऊक होतं, आणि तिनं वेचून आणलेल्या अकरा जणींना. त्या नसतील तर शेड म्हणजे नुसता पत्रा, हे कर्नल पहिल्या दिवशीच समजून चुकले होते.

सोमवारी दुपारी ते डबा घेऊन शेडच्या दारात बसले. बायका लिंबाखाली बसल्या, गप्पा मारल्या आणि पाऊण तासानं तशाच उठल्या. संध्याकाळी घरी त्यांच्या बायकोच्या, ग्लोरियाच्या हातात भरलेला डबा तसाच आला.

"जेवला नाहीस?"

"माणसं जेवली नाहीत."

"त्या का नाही जेवल्या?"

"संकष्टी असावी."

"मुबारकबीचीसुद्धा?"

मंगळवारी डबा पुन्हा तसाच परत आला. "मंगळवारचा उपास," कर्नल म्हणाले. ग्लोरियानं नुसतं त्यांच्याकडं पाहिलं.

आता रंगुबाईनं भिंतीकडचा आपला डबा उचलला. "चला गं. उद्यापासनं यायचं न्हाई. साहेब, तुमी मानूस चांगलं हाय. पन उपाशीपोटी काम आमच्यानं व्हायचं न्हाई."

"उपाशी मी ठेवलं? मी?"

"मंग कोनी? तीन दिस डबा म्होरं घिऊन बसताय आन शिवत न्हाई. नव्या कामावर मालकानं पैला घास घेतल्याबिगर कोन डबा सोडतं? माझी सासू विहिरीच्या कामावर गेल्ती, तिथं मालकाला यायला सांज झाली. तवर कुनी भाकरीला हात लावला न्हाई."

कर्नलांनी आपल्या भरल्या डब्याकडं पाहिलं. "आमच्या पलटणीत उलटं असतं, रंगुबाई. शेवटचा जवान जेवल्याशिवाय अधिकारी ताटाला शिवत नाही. वाळवंटात सरावाला होतो, तेव्हा एकदा माझी पाळी येईपर्यंत डाळीचं पाणीच उरलं. तेच प्यालो आणि झोपलो."

मुबारकबीनं कपाळाला हात लावला. "म्हंजी तुमी आमची वाट बघत हुता आन आमी तुमची? या अल्ला! तीन दिस!"

एक जण फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या. फरशीवर आडवी पडलेली पुष्पावतीही. रंगुबाई तेवढी हसली नाही.

"हसायला काय झालं? आता आदी कोनी जेवायचं, त्ये ठरवा."

एक हुकूम सोडला असता तर बायका कदाचित जेवल्याही असत्या. हुकूम कर्नलांच्या जिभेवर आला आणि तिथंच राहिला. बाविसाव्या वर्षी शिकलेला तो नियम त्यांनी तापातही मोडला नव्हता. छातीवरच्या पदकांपेक्षा त्याचा त्यांना जास्त अभिमान होता. पण तो नियम माणसं उपाशी राहू नयेत म्हणून होता, आणि इथं त्या नियमापायीच बारा जणी उपाशी होत्या.

ते फरशीवर मांडी घालून बसले. डबा उघडला. भाकरी, मेथीची भाजी. सवयीनं त्यांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत प्रार्थना केली. रंगुबाईनं डोक्यावर पदर घेतला.

घास मोडला खरा, पण तो तोंडात फिरत राहिला. बारा उपाशी माणसं समोर असताना गिळायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. अखेर तो खाली उतरला.

"घेतला," ते म्हणाले.

"आनखी एक घ्या. आन मधी पानी नगा पिऊ."

त्यांनी दुसरा घास घेतला. मग झाकणांचा एकच खडखडाट झाला. कुणीतरी त्यांच्या भाकरीवर न विचारता ठेचा ठेवला. मुबारकबी पुष्पावतीला भरवू लागली. "हळू खा गं, कुनी पळवत न्हाई."

उद्या येणार का, हे कर्नलांना विचारायचं होतं. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा भाकरीच खाल्ली.

रंगुबाई सगळ्यांच्या आधी उठली. हात धुऊन, पदराला पुसत ती कोपऱ्यातल्या पोत्यांकडं गेली. एका पोत्याचं तोंड सोडून तिनं कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर ज्वारी वर काढून हुंगली.

"साहेब, ही आज भाजायची न्हाई. ओल धरलीया. उन्हात पसरून ठिवा. उद्या आल्यावर मी बगते."

कर्नल लगेच उठले. पोतं जड होतं. एक टोक तिनं धरलं, दुसरं त्यांनी.

"माझ्या पायावर नगा सोडू," ती म्हणाली.

दोघं ते पोतं फरफटत दारातून बाहेर उन्हात घेऊन गेली.