मोरासाठी खिडकी

नेकनूरच्या पेठेत वैजिनाथ शेटजींचं कापडाचं दुकान होतं, आणि दुकानापुढे त्यांना बायकोचंही भान राहत नसे. सकाळी गल्ल्याला हात जोडून बसले की दिवेलागण झाली तरी उठायचं नाव नाही. त्यात लेक रुद्राणी लातूरला नांदायला गेली आणि शिवकांताबाईंना घर खायला उठलं.

म्हणून गावाबाहेरच्या माळावर नवं घर बांधायचं निघालं, तेव्हा बाईंनी आधी नाहीच म्हटलं. शेजारपाजार सोडून तिथं बोलायचं कुणाशी? पण जागा बघायला गेल्या, तर गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर मोर पाणी पीत होता. बाई तिथंच विरघळल्या.

"ह्यो शेजारी मला पसंत हाय," म्हणाल्या.

मग शेटजींनी बोरीबाभळींना कुऱ्हाड लागू दिली नाही. माळाचा उतार खणला नाही, घरच त्याच्यावर पायरीपायरीनं बसवलं. आवाराला भिंतीऐवजी शेराच्या झुडपांचं कुंपण केलं. आणि डोणीसमोर भलीमोठी खिडकी, काळ्या काचेची! औरंगाबादच्या नव्या हॉटेलात त्यांनी तशी काच पाहिली होती. त्या वर्षांत बाजारात रोज काहीतरी नवं येत होतं, आणि नवं दिसलं की शेटजींना दम निघत नसे. टेम्पोत कडब्यावर निजवून त्यांनी ती काच बाळंतिणीसारखी जपून आणली.

"दिवसा आतून समदं दिसतं, भायरून कायबी न्हाई. तुजे गुडघे दुखत्यात, बसल्या जागी मोर बघ. त्येला पत्ताबी लागायचा न्हाई."

बाईंचे डोळे भरून आले. या माणसानं आपला एवढा विचार केला होता!

मोराला काचेतून आतलं दिसत नव्हतं, हे खरंच. त्याला तिच्यात दुसरा मोर दिसत होता. घरभरणीच्या आदल्या दिवशी बाई झाडलोट करायला आल्या, तर तो काचेवर तुटून पडला होता. चोचीनं टोचायचा, पायांनी हाणायचा, मागं कोसळायचा, पुन्हा उठायचा. काचेवर रक्त लागलं होतं. हाकलला तरी फिरून आला. बाईंचा जीव कासावीस झाला. रंगाऱ्याची चुन्याची बादली तिथंच होती. त्यांनी कुंचला उचलला आणि सगळी काच पांढरीफटक करून टाकली.

संध्याकाळी शेटजी आले आणि बघतच राहिले.

"आगं, ह्ये काय केलंस? उद्या पावणे काय म्हनतील?"

"काचंत त्येला दुसरा मोर दिसला. जीव देत हुता त्यो."

चुन्यातून लाल डाग उमटला होता. शेटजींनी त्यावरून बोट फिरवलं.

"म्या तुज्यासाठीच आनली हुती गं."

"ठावं हाय मला," बाई म्हणाल्या आणि चुन्याच्याच हातानं त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार. पूजेला जंगम आले, पंगती उठल्या. खिडकीत काच नव्हती, नुसते गज. कुणी विचारलं की शेटजी म्हणत, "हितला वारा लई ग्वाड हाय."

मोर मात्र येईना. शेटजींच्या मनाला ते लागून राहिलं. ते दुकान लवकर बंद करून घरी येऊ लागले. "आला हुता का गं?" विचारायचे आणि गजांपाशी बाईंच्या शेजारी बसायचे. वाट बघता बघता रुद्राणीच्या लहानपणाच्या गोष्टी निघायच्या, हसू यायचं, चहा थंड व्हायचा. नवरा उजेडी घरी असतो, हे बाई विसरूनच गेल्या होत्या.

मग एका दुपारी मोर आला. निवांत पाणी प्याला, मान वर करून ओरडला, आणि त्याची हाक थेट घरात आली. बाई हरखल्या.

संध्याकाळी शेटजींनी विचारलं, "आला हुता का गं?"

होकार अगदी जिभेवर होता. पण मोर आला म्हटल्यावर हा माणूस उद्या कशाला लवकर येईल?

"न्हाई वो," बाई म्हणाल्या.

मोर रोज दुपारी येऊ लागला. बाई महादेवाची माफी मागून रोज संध्याकाळी खोटं बोलू लागल्या.

भादव्यात एकदा त्या गजांतून बघत होत्या. शेटजी येता येता डोणीपाशी थांबले, वाकले. ओल्या मातीतून त्यांनी मोराचं पीस उचललं, चोरासारखं इकडंतिकडं बघितलं आणि सदऱ्यात खुपसलं. मग आत येऊन बाईंच्या शेजारी टेकले.

"आजबी न्हाई ना आला?"

"न्हाई."

"बरं. उद्या येतो लवकर, बघू," शेटजी म्हणाले. पिसाचा निळा डोळा त्यांच्या सदऱ्याच्या गळ्यातून बाहेर डोकावत होता, आणि बाई पदर तोंडाला लावून डोणीकडे बघत होत्या.