गुरुवारची दुपार

लिफ्टच्या टपावर उकिडवं बसून दोर तपासता तपासता त्याने पुन्हा फोन काढला. आईचा निळा ठिपका नदीपलीकडे होता. अर्ध्या तासापूर्वीही तिथेच होता.

दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात घसरून पडली, तेव्हापासून त्याने तिच्या फोनमध्ये ही सोय करून ठेवली होती. ती कुठे जाते, किती वेळ थांबते, सगळं त्याला बसल्या जागी दिसे. नदीपलीकडे मात्र त्यांच्या ओळखीचं कोणीच नव्हतं. त्याने तीनदा फोन लावला. तिने उचलला नाही.

"आलोच," एवढंच कामावरच्या जोडीदाराला सांगून त्याने स्कूटर काढली.

ठिपक्याच्या जागी पोहण्याचा तलाव निघाला. जाळीपाशी जाऊन त्याने आत पाहिलं. साठी उलटलेली त्याची आई काळ्या पोशाखात, डोक्याला रबरी टोपी घालून खोल पाण्यात कडेची दांडी घट्ट धरून होती. शिकवणाऱ्या बाई समोरून म्हणत होत्या, "सोडा आता हात."

आई सोडत नव्हती.

हाक त्याच्या ओठांवर आली. ती ऐकून आई निमूटपणे बाहेर आली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जिना नको, असं तो म्हणाला तेव्हा तिने वाचनालय सोडलं होतं. एकटीने प्रवास नको, म्हटल्यावर मामाकडे जाणं बंद केलं होतं. ना वाद, ना रुसवा.

त्याने ओठ दाबून धरले.

तिने हात सोडला. डोकं पाण्याखाली गेलं. त्याची बोटं जाळीत रुतली. टोपी वर आली, पुन्हा बुडाली, पुन्हा वर आली. हातपाय वेडेवाकडे मारत ती बाईंपर्यंत पोचली आणि खोकत खोकत मोठ्याने हसली.

बाहेर येताना तिला तो दिसला. हसू मावळलं.

"फोन बघून आलास?"

त्याने मान हलवली. "काही झालं असतं म्हणजे?"

"झालं असतं." तिने टॉवेल खांद्यावर ओढला. "तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास. आणि मी ऐकलं असतं रे. त्याचीच भीती वाटत होती मला."

मग त्याने तिचा फोन मागितला आणि तिच्यादेखत ती सोय काढून टाकली.

पुढच्या गुरुवारी दुपारभर त्याचा जीव टांगणीला लागला होता. दोनदा तिचा नंबर काढला, दोनदा फोन खिशात टाकला. संध्याकाळचे सात वाजले, साडेसात झाले. मग दार वाजलं.

आई आत आली. केस कोरडे होते. हातात टॉवेलची पिशवीही नव्हती.

मग होतीस कुठे, हा प्रश्न त्याच्या जिभेवर आला. तिनेही तो ओळखला असावा. चपला न काढता ती दाराशीच थांबली.

"बस, वाढतो," तो म्हणाला.

आईने चपला काढल्या.